टेकडीवरची एकच ओळ

वाळवंटातल्या आमच्या कुइसेब नदीकाठी कुणाला काही लपवता येत नाही. नदीला पाणी आलं तर आलं, पण पलीकडच्या वाळूच्या डोंगरांवर जो चालेल त्याची पावलं दुपारचा वारा सुटेपर्यंत सगळ्या गावाला जाहीर. चेहऱ्याआधी आम्ही पाऊल ओळखतो. त्यात आमची युस्टीनावहिनी जात्याच संशयी. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं!

त्या दिवशी गेरहार्टदादा पहाटेच डोंगरावर गेला होता. नाराची काटेरी फळं पिकली होती आणि कोल्ह्यांच्या आधी ती गाठायची होती. पोतं भरून तो परतला, माझ्या दारात चहा घेऊन बसला, तोच वहिनी कोरड्या नदीपात्रातून तरातरा आली.

“वन्सं, उठा! भावाचे प्रताप दाखवते.”

“सकाळी सकाळी काय झालं?”

“काय व्हायचंय? ॲल्फ्रिडा!”

ॲल्फ्रिडा म्हणजे पलीकडच्या घरची विधवा. दिसायला काही विशेष नाही, पण हसते छान, आणि त्या हसण्यानं वहिनीचं डोकं फिरतं. तिच्या शेळीचं दूधसुद्धा वहिनीनं बंद केलं होतं.

दादानं कप खाली ठेवला. “चल, दाखव.”

आम्ही तिघं पात्र ओलांडून गेलो. पायथ्याशी दोन ओळी होत्या. एक दादाची रुंद, आणि तिला खेटून ॲल्फ्रिडाची, बारीक पावलांची, डावा अंगठा आत वळलेला.

“बघा, जोडीनं फिरायला निघाले होते!” वहिनी म्हणाली.

चढ सुरू झाला आणि दुसरी ओळ संपली. पुढे वरपर्यंत दादाचीच पावलं.

“आता ही कुठे गेली? उडाली?” वहिनीचा आवाज फाटला. “उचलून नेलंस तिला! माझा पाय मुरगळला होता तेव्हा हातसुद्धा दिला नव्हतास!”

मला हसू आवरेना. दादालाही. “अगं, तिला उचलून हा चढ? घरी तरी आलो असतो का मी?”

तो उकिडवा बसला. “नीट बघ. धुकं आलं की भुंगेरे त्या धुक्याचं पाणी प्यायला माथ्यावर चढतात ना? त्यांच्या रेघा इथं पायथ्याशी माझ्या पावलांवरून गेल्यात. तिच्या पावलांवर एक तरी आहे? मी धुक्याआधी गेलो, ती धुकं सरल्यावर. तोवर मी पलीकडच्या वाटेनं उतरलोसुद्धा.”

वहिनीचा चेहरा जरा निवळला. पण ती गप्प बसेल तर वहिनी कसली!

“मग वर एकच ओळ का?”

दादानं खाली पाहिलं. भुंगेऱ्याची रेघ त्याच्या पावलाच्या काठापर्यंत येऊन तुटली होती. आत दुसरं पाऊल होतं. लहान, अंगठा आत वळलेला. पुढच्या पावलात तेच. त्याच्या पुढच्यातही.

“वाळू दबलेली असते, चढायला सोपं जातं,” मी घाईघाईनं म्हणाले.

“कसलं सोपं? माझी ढांग केवढी, तिची केवढी! पावलागणिक उडी मारावी लागली असेल तिला.” दादा आमच्याशी बोलतच नव्हता.

तो वर चालू लागला. आम्ही मागोमाग. माथ्यावर नाराच्या झुडपापाशी लांब शिंगांचं एक गेम्सबॉक हरीण सावलीला उभं होतं, ते आम्हाला बघून निघून गेलं. पहाटे दादा जिथे टेकला होता, बरोबर तिथेच ती बसून गेली होती.

दादा बघत राहिला. मी त्याची सख्खी बहीण, शपथेवर सांगते, त्याला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. ॲल्फ्रिडा त्याच्या खिजगणतीत नव्हती. वहिनीच्याही ते आता ध्यानात आलं. तिनंच त्याला इथवर आणलं होतं, साक्षीदारासकट.

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळूतल्या खुणा पुसायला लागली.

“राहू दे,” दादा म्हणाला.

“दुपारी वारा पुसणारच आहे!” ती रडत ओरडली.

“मग दुपारपर्यंत राहू दे.”

आणि उतरताना तो त्या ओळीवर पाय पडू नये म्हणून बाजूबाजूनं चालला.