बहात्तर पावलांची गल्ली

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. आता समजा, तुम्हाला असेच डोळे मिटून एका रस्त्याने जायचे आहे. हात धरायला कोणी नाही. चार पावले टाकाल आणि थबकाल. समोरून गाडी आली तर? बैलाचे शिंग लागले तर? बरे, उघडा डोळे. पण अशी एक गल्ली आहे, जिथून एक आंधळे आजोबा रोज एकटे चालत जात. त्या गल्लीचा राखणदार मी.

मी एक जुना दगडी खांब आहे. रंगाने काळा, उंचीने तुमच्या कमरेएवढा. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून जवळच, एका गल्लीच्या तोंडाशी मला मधोमध पुरले आहे. पाथरवटाने माझा माथा मुद्दाम गोल केला, कारण मुले माझ्यावर चढणार हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्या तोंडाशी माझा भाऊ आहे. तो माझ्याच दगडातला, पण अबोल.

माझे काम एकच, हलायचे नाही. माणूस, शेळी, सायकल माझ्या बाजूने जाऊ शकते. बैलगाडी जाऊ शकत नाही. म्हणून आमच्या गल्लीत बाया वाळवण घालत, मुले गोट्या खेळत आणि म्हातारी माणसे मधोमध बसून बोलत. सगळ्या शहराचे रस्ते गाड्यांचे झाले, ही गल्ली पायांची राहिली. याचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे.

त्या आंधळ्या आजोबांचे नाव श्रावणजी. दुपारी चार वाजता ते घरून निघत, काठीने मला टक् करून स्पर्श करत आणि मग बहात्तर पावले सरळ चालून माझ्या भावापाशी पोहोचत. तिथल्या वाचनालयात कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे, ते ऐकायला. त्यांची नात ललिता अकरा वर्षांची. ती सोबत येऊ लागली की ते म्हणत, "तू खेळ माय. इथं मले डोये लागत नाहीत."

एकोणीसशे एकसष्टच्या हंगामात कापूस उदंड आला. गोवर्धनराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडे जाताना नदीच्या घाटावरून वळसा घेत आणि तिथे तासन्‌तास अडकत. गाड्या आमच्या गल्लीतून सरळ जाव्यात म्हणून त्यांनी नगरपालिकेत अर्ज केला आणि दोन्ही खांब काढायचा हुकूम आला. सोमवारी माझ्यापासून सुरुवात होणार होती.

रविवारी गल्ली माझ्याभोवती जमली. नत्थुजी सुतारांनी खिशातून पुडी काढली.

"शेंदूर फासतो याले," ते म्हणाले. "एकदा देव झाला का पाहू कोन सब्बल मारते!"

खोटे कशाला सांगू, देव व्हायचे माझ्या मनात आले होते. पण ललिता पुढे झाली.

"नत्थुकाका, मंग माह्या आबाजीनं याले काठी कशी लावाव?"

"म्हंजे?"

"देवाले काठी लागली तं तुमीच वरडान. आमी रेलाचं नाही, बसाचं नाही. मंग गाड्या येवोत का न येवोत, आबाजी तं घरातच बसतीन ना!"

नत्थुजींनी पुडीकडे पाहिले. "पोट्टी वकील होते बाप्पा," असे पुटपुटत त्यांनी ती खिशात घातली. मी दगडच राहिलो.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास दोन मजूर आले. गोवर्धनराव दमणीतून, त्यांच्या बसायच्या छोट्या बैलगाडीतून, उतरून माझ्यासमोर उभे राहिले. सब्बलीचे, म्हणजे लोखंडी पहारीचे, दोन घाव माझ्या पायाशी बसले आणि मी जरासा कलंडलो. तेवढ्यात श्रावणजी निघाले. ललिता धावणार होती. तिची चाहूल लागताच आजोबांनी हातानेच तिला थांबवले. त्यांची काठी पुढे आली आणि गोवर्धनरावांच्या नडगीवर बसली. टक्!

श्रावणजींनी काठीने पुन्हा चाचपले. "हा खांब काल इथं नव्हता," ते म्हणाले.

सारी गल्ली हसली. मजूरसुद्धा.

"खांब नाही जी, मानूस हाय," गोवर्धनराव ओशाळून म्हणाले.

"मंग सरका ना भाऊ. खांबानं थांबाव, मानसानं चालाव."

गोवर्धनराव सरकले. श्रावणजींनी मला हात लावला, माझा कल चाचपला, क्षणभर थांबले आणि चालू लागले. वाळवणावरच्या बायांनी पाय आवरले. मुलांनी गोट्या उचलल्या. ती रोजची रीत होती.

"यायले दिसत नाही?" गोवर्धनरावांनी विचारले.

"नाही," ललिता म्हणाली. "इथं गाडी येत नाही, म्हनून चालतात."

गोवर्धनरावांनी जोडा नीट केला आणि ते श्रावणजींच्या मागे निघाले. त्या गल्लीतून ते पहिल्यांदाच पायी जात होते. बऱ्याच वेळाने परत आले, तेव्हा धोतराला वाळवणाचे पीठ लागले होते.

"सब्बल ठेवा रे," ते मजुरांना म्हणाले. "अर्ज माहा हाय, मीच वापस घेतो. गाड्या जातीन घाटावरून."

मित्रांनो, तुमच्याही गावात पायी चालणाऱ्यांसाठी राखलेली एखादी जागा असेल. एखादा पार, एखादी पायवाट. ती बोलत नाही, म्हणून तिला कोणी नसल्यासारखे समजू नका. तिथून कोण चालते, ते आधी पाहा.

त्या संध्याकाळी ललिताने मोर्णेतून घमेलेभर खडे आणले आणि माझ्या पायाशी ठासून ठासून भरले. मी पुन्हा ताठ झालो. मग तिने आजोबांची काठी मागून घेतली, माझ्या माथ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. ती चालू लागली. पहिली दहा पावले भीत भीत, पुढची सरळ. मी मोजत होतो. बहात्तरला थोडी पावले कमी असताना ती थांबली, पण डोळे उघडले नाहीत. पुन्हा निघाली.

आणि पलीकडून माझ्या अबोल भावाचा आवाज आला. इतक्या वर्षांत तो मी प्रथमच कान देऊन ऐकला.

टक्.