पाणी मागणारं ऑर्किड

सरलाताईंच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वसईतल्या होळी गावात सकाळपासून एकच बोंब उठली होती, सरलाताईंच्या गेलेल्या लेकीचं, मेघनाचं ऑर्किड रडतंय! आणि दिसत तर तसंच होतं. फुलांच्या दांडीवर टपोरे थेंब लोंबत होते. कुणीतरी धीर करून एक थेंब जिभेवर ठेवला, तर तो चक्क गोड लागला. मग काय विचारता! बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

मधोमध पाटावर बसले होते तुळिंजचे थेंबबाबा. अंगात भगवी कफनी आणि मनगटात स्मार्टवॉच. बाबांनी पानावर हात ठेवला, डोळे फिरवले आणि घोगरा सूर काढला, "आई गं... पाणी दे... तेव्हा नाही दिलंस, आता तरी दे..."

सरलाताईंनी धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

धाकटी लेक कृतिका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. पण हे ऐकून तिनेही दाराची चौकट घट्ट धरली. गेल्या वर्षी ऑपरेशननंतर तिची ताई, मेघना, 'पाणी दे' म्हणत तळमळली होती. डॉक्टरांनी थेंबही द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. आईने काळजावर दगड ठेवून नाही म्हटलं, आणि मेघना गेलीच. स्वयंपाकघरातला नळ ठिबकला, की कृतिकेला अजून तीच हाक ऐकू यायची.

बाबांच्या हुकमाने ऑर्किड तांब्याच्या कलशात गेलं. सरलाताई उठता-बसता मंतरलेलं पाणी ओतू लागल्या. पानं मात्र सुरकुतत चालली. बाबा म्हणाले, "तहान मोठी आहे, अजून घाला. हे झाड गेलं, तर पोरगी जन्मोजन्मी तडफडत राहील!"

सरलाताईंनी अन्न सोडलं. खोलीत कुजका वास भरून राहिला. दाराआड त्या झाडाशी कुजबुजत, माफी मागत बसायच्या. कृतिकेला त्या खोलीत पाऊल टाकायची भीती वाटू लागली. बहीण गेली होती, आता आईही चालली होती.

"आई, एकदा मुळं बघू दे."

"हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

हताश होऊन कृतिका शेजारच्या रोवेनाकडे गेली. तिच्या ओट्यावरही ऑर्किड फुललं होतं, आणि दांडीवर तसेच थेंब!

"रोवेना, हेही रडतंय?"

"रडतंय कसलं! कळ्या आल्या की गोड चिकट रस सुटतो. मुंग्यांचा नुसता वैताग. माझी सगळी झाडं अशीच. मग काय, माझ्या घरात भुतांची चाळ आहे?"

कृतिका कित्येक महिन्यांनी हसली. पण पाण्याचं बाबांना कळलं कसं? मग तिला बाबांच्या पुढेमागे करणारी यशोदा आठवली. बाबांना बोलवायला गेल्यावर मठातल्या रांगेत आईच्या गळ्यात पडून हीच बाई विचारत होती, 'काय झालं हो पोरीला?'

सरलाताईंकडे बाबांची पुढची बैठक भरली, तेव्हा रोवेना आपली कुंडी घेऊन आली. यशोदा लगेच शेजारी सरकली. रोवेनाने कोरडे डोळे पुसले. "माझा भाऊ, आलोशियस. शेवटी चहा मागत होता गं. मीच दिला नाही."

यशोदा उठून बाबांच्या कानाशी लागली. बाबांनी पानावर हात ठेवला. "रोवेना... मी आलोशियस... एक घोट चहा दे..."

"साखर कमी, बाबा!" मागून आवाज आला. बाइकची चावी फिरवत धडधाकट आलोशियस उभा होता.

असा काही हशा उठला, की यशोदेने आधी चपला शोधल्या आणि बाबांनी मागचं दार.

सरलाताई हसल्या नाहीत. त्या कलशाकडे बघत होत्या. "बाबा खोटा असेल गं. पण पानं सुकलीत ना? तहान तर खरी आहे."

कृतिकेने कलश उपडा केला. काळी, बुळबुळीत मुळं हातात सोलून आली. "याच्या मुळांना वारा लागतो, आई. कलशाला भोक नाही. पाण्यात बुडून मुळं कुजली, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. म्हणून झाड तहानलेलं दिसतं, आपण अजून ओततो."

कुजकं सगळं कापलं. कापल्या जागी बुरशी धरू नये म्हणून दालचिनीची पूड लावली. उरलेली थोडी हिरवी मुळं नारळाच्या काथ्याच्या सोडणात आणि कोळशाच्या तुकड्यांत, भोकांच्या कुंडीत बसवली.

"आता काही दिवस पाणी नाही."

सरलाताईंचा हात तांब्यावर थबकला. "पुन्हा नाही म्हणू? तिला?"

कृतिकेने तो हात धरला. "तेव्हाही वाचवायलाच नाही म्हणाली होतीस, आई."

सरलाताई खूप रडल्या. मग ओट्याखाली उतरून त्यांनी तांब्या जास्वंदीला घातला.

पुढे ऑर्किडला हिरव्या टोकाचं नवं मूळ फुटलं. मंडळी, गेलेल्या माणसासाठी रडा, त्याच्या झाडाशी बोला, त्यात काही वावगं नाही. पण कुणी त्याच्या आवाजात बोलू लागला, तर आधी विचारा, याला हे सांगितलं कुणी? आणि झाड सुकलं, तर कुंडी उपडी करून मुळं बघा.

कृतिकेने स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलून घेतला. हाक थांबली. ती थांबली, याचंही तिला वाईट वाटलं.