रहमतवरचा ठिपका

"थुंकलं बघ परत. तुला पान कुनी खाऊ घातलं बे?"

आसाराम माझ्या टाकीला कान लावून हे पुटपुटला. दारात उभ्या माणसाला ऐकू जावं इतपत मोठ्यानं, पण त्याहून मोठ्यानं नाही. हवा कुठं गळते ते ऐकतोय असा आव त्यानं आणला होता. हवा कुठंच गळत नव्हती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मित्रांनो, हा आळ ज्याच्यावर आला तो मी, नेकनूरच्या कारखान्यातला हवेचा पंप. पंप म्हटलं की तुम्हाला सायकल आठवेल. मी तसा नाही. माझं पोट म्हणजे लोखंडी टाकी, तिच्या डोक्यावर पितळी नळकांडं आणि खाली पायानं दाबायची पट्टी. पट्टी हलली की हवा माझ्या पोटात कोंबली जाते. तिथून ती रबरी नळीतून फुंकणीत शिरते. फुंकणीला रंगाची इवलीशी वाटी असते. बोटानं कळ दाबली की रंग धुक्यासारखा उडतो आणि कागदावर, पत्र्यावर अलगद बसतो. कुंचल्याचा फराटा म्हणून दिसत नाही.

जन्म माझा विलायतेचा. हैदराबादेत एका तसबिरी रंगवणाऱ्याकडे मी बरीच वर्षं होतो. किती नवाबांचे शेले आणि किती बेगमांचे गाल मी रंगवले, त्याला गणती नाही. तो कारागीर वारला आणि त्याच्या मुलांनी मला जुमेरात बाजारात नेऊन बसवलं. मोडकी घड्याळं, बिनकिल्ल्यांची कुलपं आणि मध्ये मी. माणसाचं काय नि यंत्राचं काय, ओळखीचा हात गेला की आपण एकदम जुने दिसू लागतो.

तिथंच मला मन्मथप्पा आणि आसाराम भेटले. मन्मथप्पा पाट्या लिहीत आणि आसाराम पत्र्याच्या पेट्या करी. नेकनूरला बाजारतळाच्या कडेला एका छपराखाली दोघांचा सामायिक कारखाना होता. दोघांनी मिळून मला घेतलं. परळीपर्यंत मी आगगाडीनं आलो आणि पुढं बैलगाडीनं. नेकनूरला उतरलो तेव्हा अर्धा बाजार मला बघायला लोटला. मी पिठाची गिरणी आहे असं कुणीतरी सांगितलं, आणि दोन बाया खरोखरच जोंधळे घेऊन आल्या.

ते दिवस भाग्याचे होते. आसाराम नक्षी कापलेला जाड कागद पेटीवर धरी, मी फुंकर घाली आणि कागद उचलला की मोर उमटलेला असे. तालुक्यातल्या नवऱ्या मुली माझे मोर घेऊन सासरी गेल्या. महालक्ष्म्यांच्या आधी कुंभाराची छबुबाई मुखवटे घेऊन येई. गालांवर जरा लाली आली की ती म्हणे, "आता कशा जेवून उटल्यावानी दिसत्यात."

पण माझी खरी शोभा अप्पांच्या पाट्यांत होती. आमच्याकडे पाटी म्हटली की वर उर्दू आणि खाली बाळबोध. अप्पा निजामाच्या मदरशात शिकलेले, दोन्ही लिप्यांत त्यांचा हात सारखाच. अक्षरं ते कुंचल्यानं काढीत आणि मग माझ्या फुंकणीनं अक्षरामागं सावली धरीत. अक्षर पाटीवरून उठून चालायला लागेल असं वाटे.

आणि पट्टीवर पाय असे बसम्मांचा, अप्पांच्या कुटुंबाचा. पाटावर बसून त्या सुपात जोंधळे निवडत आणि उजव्या पायानं मला श्वास देत. त्यांचं पुण्य आणखी एक. कोंबलेल्या हवेला घाम येतो, तळाशी पाणी साचतं. ते रोज सोडलं नाही तर रंगाबरोबर पाण्याचा थेंब येतो आणि काम नासतं. पाणी कुणी सोडायचं यावरून दोघा भागीदारांत रोज वाद चाले. 'तुमीच सोडा', 'तू कावून न्हाई सोडत?' सामायिक वस्तूचं असंच असतं, वापरायला सगळे आणि पुसायला कुणी नाही. शेवटी बसम्मांनी माझ्या तळाची तोटी आपल्याकडे घेतली. दिवेलागणीला त्या तोटी उघडत, पाणी मातीत जिरू देत आणि मगच लिंगपूजेला उठत. म्हणून सांगतो मित्रांनो, नेकनूरला मी कधी थुंकलो नाही.

मग हळूहळू काहीतरी बदलू लागलं. अप्पा पाटीवर अधिक वाकू लागले. फुंकणी अक्षराच्या इतकी जवळ नेऊ लागले, की रंग उडायच्या ऐवजी साचायचा. रंगाची बाटली उघडून आधी वास घेऊ लागले. बसम्मांनी बाटल्या ठरल्या जागी मांडायला सुरुवात केली, पांढरा डावीकडे, काळा उजवीकडे. आसारामानं आपली ऐरण कोपऱ्यात सरकवली आणि दारातल्या उजेडाची जागा अप्पांना दिली. "मला उजेड बाधतो," म्हणाला. पत्रा कापणारा माणूस.

कुठं रंगाचा ओघळ आला की सगळे माझ्याकडे बघत. "जुनं झालं ते," असं म्हटलं की काम भागे. मीही सोसलं. अप्पांचा हात गेला तर पाट्या गेल्या, आणि पाट्यांवाचून अप्पा म्हणजे काय हे कुणाला मनातसुद्धा आणायचं नव्हतं. एका पंपाच्या बदनामीनं एका माणसाची लाज राहत असेल, तर राहू दे.

पण मग अमीनसाबांची पाटी आली. अमीनसाब सरकीचे व्यापारी. आई वारली तेव्हा त्यांनी वेशीजवळ पाणपोई बांधली आणि तिच्यावर आईचं नाव लिहायला सांगितलं, रहमतबी. रहमत म्हणजे कृपा, दया. अप्पांनी मन लावून पाटी केली. आसारामाला आणि बसम्मांना उर्दू येत नाही. वाचू शकणारा माणूस कारखान्यात एकच होता. पाटी गेली, पाणपोईवर चढली.

आणि आज अमीनसाब ती गाडीत घालून परत घेऊन आले होते.

"अप्पा, काय लिव्हलंय तुमी?"

"तुमच्या अम्मीचं नाव. रहमतबी."

"जहमतबी झालंय."

उर्दूतल्या र च्या डोक्यावर ठिपका पडला की त्याचा ज होतो. जहमत म्हणजे ताप, कटकट. आसारामाला तो ठिपका दिसला होता, पण उर्दूत ठिपके असतातच, त्यातलाच एक समजून त्यानं सोडून दिला होता.

"पानी पिनारी मान्सं वाचत्यात अन् हसत्यात," अमीनसाब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "माजी आई कुनाला ताप देनारी न्हवती, अप्पा. तुमी तर तिच्या हातचा खजूर खाल्लाय."

तेव्हाच आसाराम माझ्याकडे वळून ते पानाचं बोलला.

"यंत्र थुंकतंय," अप्पा म्हणाले. "लई दिवसांपासून. आसाराम, सोडव त्याला. बीडच्या तांबटाला देऊन टाकू, पितळ तरी कामी येईल."

आसारामानं पाना उचलला, पण तो उचलताना माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्या पेट्यांचे मोर माझ्याच जिवावर उमटत होते. तरी पाना माझ्या पहिल्या नटाला लागला. मला मोडीत जायचं नव्हतं, मित्रांनो. पण मला वाचवणारं वाक्य अप्पांना मोडणारं होतं, आणि तेही मला नको होतं. तुम्हाला एवढंच सांगेन, हातातल्या वस्तूला दोष द्यायच्या आधी एकदा तो हात आपल्या हातात घेऊन बघा. त्या कारखान्यात हे करायला सगळ्यांना फार उशीर झाला होता.

"बसा अमीनसाब. ठिपका आत्ता खरवडून देतो," अप्पा म्हणाले. पाटी मांडीवर घेतली आणि डाव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरवलं. बोट ठिपक्याजवळून पुढं गेलं, परत आलं, परत गेलं. मग एका जागी थांबलं आणि त्यांनी चाकू टेकवला. ठिपका तिथून चार बोटं लांब होता. चाकूखाली नावातलं चांगलं अक्षर होतं.

आसारामाचा पाना थांबला.

बसम्मांनी सूप खाली ठेवलं. उठल्या, अप्पांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट उचलून ठिपक्यावर टेकवलं.

"हितं हाय."

"हां, हितंच. दिसतंय की मला. पंपात पानी साचलं असंल, त्यानं..."

"पंपात पानी न्हवतं. रोज सांजच्याला म्याच सोडते." त्यांनी चाकू अप्पांच्या हातातून काढून घेतला, मनगट मात्र सोडलं नाही. "यंत्राचं काई न्हाई वो. तुमाला दिसंना झालंय."