दोन्ही काटे वर

दादा चारला येणार होता आणि तीन वाजत आले तरी ठिणगी पाय दाराबाहेर काढून गाडीच्या डॅशबोर्डखाली आडवी पडली होती. धंद्यात सगळे तिला वायरिंगवाल्या बाई म्हणत. ठिणगी हे घरातलं नाव, नाकावरच्या रागापायी बाबांनी लहानपणीच ठेवलेलं. आज मात्र राग काढावा कुणावर, हेच तिला कळत नव्हतं.

दादा दोघांना न्यायला येणार होता. एक, बाबांची पन्नास वर्षं जुनी गाडी, जिला त्याने गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. आणि दुसरे खुद्द बाबा. एकटं सोडण्यासारखे ते राहिले नाहीत, तेव्हा यापुढे आपल्याकडेच राहतील, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

हे ठरलं तीन आठवड्यांपूर्वी. बाबा दादाच्या मुलीला घेऊन निघाले आणि पुलाच्या वळणावर गाडी आचके देत बंद पडली. मागून ट्रक. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावलं. टाकीत पेट्रोलचा टिपूस नव्हता. "काटा पाव टाकीजवळ होता, मी बघून निघालो होतो," बाबा सांगत राहिले. ठिणगीने टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट तपासला, त्याची वायर तपासली, टाकी गच्च भरून आणली. काटा थेट टोकाला. "गेज ठणठणीत आहे," तिने जाहीर केलं. मग दोष द्यायला उरलं काय, तर बाबांचं डोकं! दादाला हे फोनवर तिनेच सांगितलं, तेही हलक्या आवाजात, म्हणजे जणू कमी लागतं.

बाबा दोन दिवस भांडले. त्यानंतर त्यांनी विचारायला सुरुवात केली: गॅस बंद केला ना मी? गोळी घेतली का गं मी? ठिणगीला वाटलं, बघा, हे आलंच.

गाडी विकायची म्हणून टाकीतलं बरंचसं पेट्रोल तिने काढून घेतलं होतं. आणि आज दुपारी गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून तिने गाडी बाहेर काढून दहा मिनिटं चालू ठेवली, तर इंजिनच्या तापमानाचा काटा चढत चढत लाल पट्टीशी गेला. तिने धावत बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावला. कोमट! हात खुशाल ठेवून उभं राहता येत होतं. "गरमीचा काटाही हल्ली फार वर असतो गं," असं बाबा त्या पुलाच्या आधीच एकदा म्हणाले होते, आणि गाडीचं वय झालंय म्हणून तिने ते उडवून लावलं होतं.

एक काटा बिघडू शकतो. पण दोन्ही काटे एकाच वेळी, एकाच बाजूला खोटं बोलायला लागले, तर दोष काट्यांचा नसतो. बॅटरीचे बारा व्होल्ट दहावर आणून दोन्ही गेजना देणारी काडेपेटीएवढी डबी डॅशबोर्डच्या मागे असते, दोष तिचा. हे ठिणगीने झोपेतही सांगितलं असतं. शिवाय टाकी गच्च असली की काटा टोकालाच जाणार, गेज खरं असो की खोटं. एवढी साधी गोष्ट, पण तेव्हा डोक्यात शिरली नाही.

तिने डबीतून निघणाऱ्या वायरीला व्होल्टमीटर लावलं. बारा. दहा नाहीच. डबी काढायला स्क्रू फिरवला आणि हात जागीच थांबला. स्क्रूखालचा पत्रा चकचकीत हिरवा होता. दोन महिन्यांपूर्वी तिनेच डॅशबोर्ड उतरवून पुढूनमागून रंगवला होता, तीन हात मारून. डबीला अर्थिंग मिळायचं ते उघड्या पत्र्यातून, आणि रंगातून वीज जात नाही. एखाद्या कामचुकाराने मागची बाजू तशीच सोडली असती आणि सगळं सुरळीत चाललं असतं. हिने मन लावून काम केलं होतं.

ती बाहेर सरकली, तेव्हा डोळे भरले होते. बाबा पुढच्या खोलीत बॅग भरून, बूट घालून बसले होते.

"बाबा, गेज चुकीचं होतं. माझ्यामुळे. तुम्ही विसरला नव्हतात."

बाबांनी तिच्याकडे मायेने बघितलं. "उगाच माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. विसरलोच असेन मी."

यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. तिने त्यांना हाताला धरून आणलं, गाडीत बसवलं आणि चावी फिरवली. रंग खरवडून बोटभर पत्रा उघडा केला, डबीला एक वायर जोडली आणि तिचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं.

"हे पत्र्याला टेकवा. पेट्रोलच्या काट्याकडे बघा."

त्यांनी टेकवलं. अर्ध्याच्या वर असलेला काटा सावकाश उतरत पाववर येऊन थांबला. वायर उचलली. काटा पुन्हा वर. पुन्हा टेकवली. पुन्हा उचलली. पाचव्या वेळी त्यांनी वायर टेकवलेलीच ठेवली.

"चुकले मी, बाबा. दादाला मीच सांगितलं होतं, की तुमचं..."

"माहितीये मला. भिंती पातळ आहेत आपल्या."

फाटकाशी हॉर्न वाजला. ठिणगी उठायला लागली. बाबांनी काट्यावरची नजर हलवली नाही.

"त्याला म्हणावं, थांब जरा," ते म्हणाले. "मी कामात आहे."