ढुंडिराजरावांचं नाव घेते

शुक्रवार, दिनांक २४ जानेवारी १९९२, दुपारी एक वाजून दहा मिनिटे. बदललेल्या जागा दहा. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यातील संगणकाने एवढीच नोंद ठेवली होती आणि तिच्यापुढे नाव होते उमाचे.

या दहा जागा बदली कामगारांच्या ज्येष्ठता यादीतल्या होत्या. यादीतील वरची बारा माणसे महिनाअखेरीस कायम व्हायची होती. शनिवारी सकाळी मी शिरस्त्याप्रमाणे नवी छापील यादी जुनीशी ताडून पाहिली, तेव्हा खालची पाच नावे वर चढलेली आणि वरची पाच खाली घसरलेली दिसली. फ्लॉपीवर प्रत होती; यादी तासाभरात पूर्ववत झाली. उमाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र उरला.

उमा आमच्या चार ऑपरेटर मुलींमध्ये सर्वांत नवी. तिचे प्रोबेशन एकतीस तारखेला संपत होते. मार्गशीर्षात तिचे लग्न झाले होते, सासर बदलापूरचे. मस्टरवर अजून माहेरचेच नाव होते. मी स्वतः तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतलेला माणूस. तीस वर्षे मोटारी आणि पॅनेल सांभाळली, आणि विजेवर चालते ते अण्णांचे, अशा हिशेबाने साहेबांनी संगणकही माझ्या हवाली केला होता.

शुक्रवारी एक वाजता उमा दुसरी ऑपरेटर कुंदा हिच्याबरोबर कँटीनमध्ये जेवत होती. म्हणजे तिचा पासवर्ड दुसऱ्याच कुणीतरी वापरला होता. टर्मिनल पाच ठिकाणी होती आणि कोणत्या टर्मिनलवरून काम झाले, याची नोंद तेव्हा होत नसे. तेव्हा आरोप असा ठरला, की उमाने पासवर्ड फोडला.

सोमवारी चौकशी झाली. चौकशी अधिकारी होते पर्सोनेल मॅनेजर मोटवानीसाहेब. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये वाढलेले. मराठी चांगले बोलत, पण त्यात हिंदी कधी शिरे ते त्यांनाही कळत नसे.

“पासवर्ड काय होता? रेकॉर्डवर घ्यायचाय.”

उमाने नकारार्थी मान हलवली.

“अरे बेटा, आता तो बदललाय. मेलेल्या पासवर्डला काय घाबरायचं?”

“मेलेला म्हणू नका हो!” उमा एकदम कळवळून म्हणाली.

“नाही म्हणत. बोल मग.”

“तोंडाने नाही सांगता येणार, साहेब.”

“तो लिख के दे.”

तिने माझ्याकडे पाहिले. “पासवर्ड कागदावर लिहू नये, असं परिपत्रक आहे. खाली सही तुमचीच आहे ना, अण्णा?”

सही माझीच होती.

मोटवानीसाहेबांनी पेन खाली ठेवले. “बोलत नाही, लिहीत नाही. मग मी काय लिहू? कर्मचारी सहकार्य करीत नाही. एवढं लिहिलं, की एकतीसला तू घरी. समजलं?”

उमाचे डोळे भरून आले. दाराशी साक्षीसाठी उभी असलेली कुंदा मात्र तोंडावर ओढणी दाबून हसत होती. ही जवळच्या बुवापाडा वस्तीतली मुलगी. तिच्या जिभेला साहेबलोकांचे भय नव्हते.

“साहेब, ती पासवर्ड लपवत नाहीये. नवऱ्याचं नाव घेत नाहीये. आमच्यात बिनधास्त घेतात, हिच्यात लाजतात.”

“नवऱ्याचं नाव? पासवर्ड?”

“जे मी कधी तोंडातून काढतच नाही,” उमा पदराशी चाळा करत म्हणाली, “ते कुणाला ऐकू कसं जाईल?”

सुरक्षेच्या दृष्टीने हा विचार अगदी पक्का होता. माझ्या परिपत्रकात तो नव्हता, याचे मला वैषम्य वाटले.

“उखाण्यात घे की,” कुंदा म्हणाली. “साहेब, उखाण्यात चालतं.”

“चालेल, चालेल,” साहेबांनी पेन उचलले. “उखाना रेकॉर्डवर घेतो.”

उमाने खाली मान घालून, पण ठसक्यात म्हटले :

“बदलापूरच्या वाटेवर बारवीचं पाणी,
शशिकांतरावांचं नाव घेते, मी कॉम्प्युटरची राणी.”

“वाह वा!” मोटवानीसाहेबांनी टेबलावर थाप मारली. मी मात्र चमकलो. हा उखाणा मी ऐकला होता. उमाची पहिली संक्रांत म्हणून दहा दिवसांपूर्वी कँटीनमध्ये हळदीकुंकू झाले, तेव्हा तिने तो घेतला होता. पण तिथे पुरुषांना प्रवेश नव्हता. मी दोन शेड पलीकडे, वर्कशॉपमध्ये माझ्या टेबलाशी बसलो होतो. मग मला तो ऐकू कसा आला?

कँटीनच्या छपरावर लाउडस्पीकरचा कर्णा होता.

“साहेब,” मी उठून म्हणालो, “उमाने पासवर्ड कुणालाही दिलेला नाही. कंपनीने तो कर्ण्यावरून जाहीर केला.”

मोटवानीसाहेब पोट धरून हसले. मग गंभीर झाले. “पण अण्णा, ऐकलं सगळ्या कारखान्याने. चोर सापडला नाही, तर मुंबई ऑफिस हिचंच नाव धरून बसेल. चार दिवस आहेत.”

उपाय सरळ होता. कर्ण्याने फोडले, ते कर्ण्यानेच पकडायचे. पॅकिंगच्या बायकांचे हळदीकुंकू बुधवारी व्हायचे होते. तिथे उमाने नव्या नावाचा उखाणा घ्यायचा. ते नाव कुणी उमाचा पासवर्ड म्हणून टाकले, की टर्मिनलचा क्रमांक माझ्या पडद्यावर उमटेल आणि तिकडच्या टर्मिनलची घंटी वाजत राहील, अशी दुरुस्ती मी प्रोग्रॅममध्ये करून घेतली.

उमाने मात्र कानांवर हात ठेवले. “परक्या पुरुषाचं नाव? अण्णा, नोकरी गेली तरी चालेल.”

म्हणून त्याच संध्याकाळी उमा, कुंदा आणि मी बदलापूरला तिच्या सासूबाईंकडे गेलो. कुमुदिनीबाई तिळाच्या वड्या थापत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि उलथने माझ्या दिशेने रोखले.

“माझा मुलगा धडधाकट असताना हिने दुसऱ्याचं नाव घ्यायचं? आणि तेही कर्ण्यावरून? तुमच्या कॉम्प्युटरला काही जनाची लाज?”

दोन वड्या कापून झाल्यावर त्यांचा हात थांबला.

“दुसऱ्याचं कशाला? त्याचंच दुसरं नाव आहे की. पत्रिकेतलं. बारशाला कानात सांगितलं, ते पुन्हा कुणी उच्चारलं नाही. ढुंडिराज!”

“आई!” दारातून आवाज आला. शशिकांत नुकताच ऑफिसातून आला होता, डब्याची पिशवी अजून हातातच होती. “हे नाव घराबाहेर काढायचं नाही असं ठरलं होतं आपलं!”

“बायकोची नोकरी वाचतेय,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “हात धू आणि वडी खा, ढुंडिराज.”

कुंदाला हसू आवरेना. उमाही त्या दिवसात प्रथमच हसली.

बुधवारी वर्कशॉपमध्ये बसून मी कर्ण्याकडे कान लावला.

“हलव्याच्या दागिन्यांचा अंगावर साज,
कॉम्प्युटरसमोर आठवतात मला ढुंडिराज!”

“अगं, परवा शशिकांत होते, हे कोण?” कुंदाने माइकपाशीच विचारले.

“ह्यांचंच जुनं नाव. सोमवारपासून रोज घोकतेय, आयत्या वेळी विसरायला नको म्हणून!”

यादी शुक्रवारी लागायची होती. चोराच्या हाती एकच दिवस होता. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मोटवानीसाहेब आणि मी संगणकाच्या खोलीत बसलो. पडद्यावर उमाचे नाव आले. त्याखाली एक चुकीचे स्पेलिंग पडले. मग दुसरे. तिसऱ्यांदा बरोबर पडले आणि पुढे आकडा आला : टर्मिनल तीन. स्टोअर.

आम्ही पोहोचलो तेव्हा स्टोअरचा कारकून मधु टर्मिनलला कवटाळून उभा होता. त्यावर त्याने गोणपाट टाकले होते, गोणपाटावर स्वतःचा स्वेटर. आतून टीं टीं चालूच होते.

“काय रे मधु?”

“बघा ना अण्णा, आपोआप वाजायला लागलं!”

“और ढुंडिराज भी आपोआप टाइप हुआ?” मोटवानीसाहेबांनी विचारले.

मधुचा चेहरा पडला. “साहेब, आधी ते बंद करा. मग सगळं सांगतो.”

“आधी सांग. मग बंद.”

त्याने घंटीच्या तालावर सांगितले. चढलेल्या पाचांपैकी एक त्याचा मेहुणा होता. बाकीचे चार, कुणाला संशय येऊ नये म्हणून फुकटात चढले होते. मग मी घंटी थांबवली. मधुला त्याच संध्याकाळी निलंबनाचे पत्र मिळाले.

शुक्रवारी खरी यादी फलकावर लागली. चौघी ऑपरेटरना मी समोर बसवून पासवर्ड बदलायला लावले. जुन्यांची चौकशी केली, तेव्हा तिघी लग्न झालेल्या एकमेकींकडे पाहून लाजल्या. मला पुढे विचारावे लागले नाही. कुंदा अविवाहित.

“तुझा कुणाच्या नावाचा होता?”

“साखरपुडा होऊ द्या अण्णा, मग सांगते.”

दुपारी मोटवानीसाहेब उमाचे पत्र स्वतः घेऊन आले. नावाची मधली जागा त्यांनी तिला न विचारताच भरली होती.

उमा शशिकांत पेठे. कायम कर्मचारी क्रमांक ६१२.