सवतीसाठी गोडं पाणी

भाईंदरमध्ये गोडदेवला तळमजल्यावर राहणाऱ्या वैजयंताबाईला एक सवत होती, आणि हे तिने कधी कुणापासून लपवलं नाही. सवतीचं नाव बारकी. मराठवाड्यातल्या साखर कारखान्यात उसाचे डबे ओढणारं वाफेचं इवलंसं इंजिन ते; रूळ जेमतेम दोन फुटांचे. वैजयंताचा नवरा कोंडिराम याने ते उभा जन्म चालवलं. हंगामात कोळशाने माखून घरी यायचा आणि ताटावर बसला की म्हणायचा, "भूक न्हाई गं. इंजिनावरच वांगं भाजून खाल्लं." मग बाई सवत नाही तर काय म्हणणार?

पुढे कारखान्याने रूळ उखडले, कोंडिराम रिटायर होऊन मुलाकडे भाईंदरला आला. सुटले एकदाची, असं वैजयंताला वाटलं. कसलं काय! काशीमीऱ्याचे गॅरेजवाले गुणवंतभाई जुन्या यंत्रांचे वेडे. त्यांनी भंगारातून नेमकी बारकीच उचलून आणली आणि तिच्या ड्रायव्हरचा पत्ता काढत गोडदेवला आले. तेव्हापासून कोंडिरामचा एकही रविवार घरी गेला नाही. नळ्या बदलल्या, गंज खरवडला, आवारात थोडे रूळही टाकले.

आता उद्या बॉयलर इन्स्पेक्टर यायचे होते. त्यांनी पास केलं तर बारकी डहाणूकडे गुणवंतभाईंच्या चिकूच्या वाडीत धावणार. नापास झाली तर रंग फासून एका हॉटेलच्या दारात उभी राहणार, लोकांनी टेकून फोटो काढावेत म्हणून. कोंडिरामला ते मढं सजवल्यासारखं वाटे.

आणि नेमका आज चाचणीलाच घात झाला. वाफ तयार झाली, कोंडिरामने शिटीची तार ओढली, तर शिटीतून फसफसून फेस आला. काचेच्या नळीत पाणी उतू जाणाऱ्या दुधासारखं चढत होतं. त्याने घाईघाईने आग खाली पाडली. चूक त्याचीच होती. कारखान्यात कालव्याचं गोडं पाणी असायचं, त्यामुळे पाण्याची चव बघायची सवयच त्याला नव्हती. इथे त्याने बोअरचा पाइप सरळ बॉयलरला लावला, आणि खाडीकाठचं ते पाणी खारं, उकळलं की बॉयलरमध्ये फेसाळणारं. टँकरवाल्याला विचारलं, तर तोही बोअरचंच आणणार.

दुपारी तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. वैजयंताने ताट वाढलं.

"भूक न्हाई."

"का? आज बी तिच्याकडंच जेवलात?"

"तिलाच प्यायला पाणी न्हाई गं," तो म्हणाला आणि घडलेलं सगळं सांगून मोकळा झाला. "माझ्या हातानं मीठ पाजलं तिला."

"बोअरच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, ते इंजिन काय शिजणार? मला विचारायचं होतं," वैजयंता म्हणाली. मग तिने मुलाला फोन लावला. "गणेश, उद्या सकाळी टेम्पो घेऊन ये. मोरीजवळची दोन्ही पिंपं न्यायचीत."

कोंडिराम गर्रकन वळला. "अगं, परवापर्यंत नळाला पाणी न्हाई. आपण काय पिणार?"

"एक कळशी ठेवते की. पाण्याला न्हाई म्हणणारे लोक दुसरे. गावच्या विहिरीवर आपण ते लई सोसलंय. सवत असली तरी तहानलेलीच हाय ती."

सकाळी टेम्पोत पिंपांना धरून ती स्वतः बसली; कमी पडलं तर म्हणून घरची कळशीही मांडीवर घेतली. गॅरेजात आजवर तिने पाऊल ठेवलं नव्हतं. बारकीला तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढीशीच? हिच्यापायी मी जन्मभर भांडले?" कोंडिरामला हसू फुटलं.

बॉयलर धुऊन गोडं पाणी भरलं, आग पेटवली. दुपारी इन्स्पेक्टर आले. शांत गृहस्थ होते. काच बघितली, काटा बघितला, जादा वाफ नेमकी खुणेवर सुटते का ते बघितलं आणि म्हणाले, "वाजवा शिटी." या वेळी शिटी अशी खणखणीत वाजली की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी माना वळवल्या. इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. कोंडिरामच्या डोळ्यांना धार लागली आणि ती पुसायचंही त्याला सुचलं नाही.

साहेब गेल्यावर त्याने खिशातून एक वांगं काढलं. फावडं धुतलं, निखाऱ्यांवर धरलं, वांगं भाजून वैजयंताच्या भाकरीवर ठेवलं. ती इंजिनाच्या पायरीवर बसून जेवली.

"चांगलं लागतंय," ती म्हणाली. "आन् हे इतकी वर्षं एकट्यानंच खाल्लंत."

"बायामाणसांना इंजिनावर चढू देत नव्हते गं," तो म्हणाला. "रोज खाताना तुझी आठवण यायची." हे तो तिला पहिल्यांदाच सांगत होता. तिने उरलेली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

निघायची वेळ झाली. गुणवंतभाई म्हणाले, "कल सुबह ट्रेलर आएगा, काकी."

वैजयंता टेम्पोकडे गेली आणि घरच्यासाठी राखलेली कळशी कमरेवर घेऊन परत आली. "सासरी निघालेल्या पोरीला कोरड्या घशानं धाडू नये," ती म्हणाली. "हिची टाकी उघडा."

"लेकिन काकी, ट्रेलर पे चढाने से पहले तो टाकी खाली..." गुणवंतभाई बोलू लागले. कोंडिरामने त्यांचा हात दाबला. मग तो वर चढला आणि बायकोला ओतायला सोपं जावं म्हणून टाकीचं झाकण दोन्ही हातांनी उचलून धरलं.