रेडिएटरमधली हळद

आमच्या दारातली गाडी तापायची, आणि ती तापली की माझे सासरे तिच्याहून जास्त तापायचे. दर रविवारी सकाळी मामंजी तिला घेऊन श्यामला हिल्सचा चढ चढायला निघत आणि तासाभराने उतारावरून घरंगळत परत येत. बॉनेटमधून वाफा निघत असायच्या आणि मामंजींच्या तोंडून भोपाळच्या नावाने शिव्या. मग पुढचा रविवार येईपर्यंत अंगणात दुरुस्ती चालायची.

शेजाऱ्यांची करमणूक होत होती. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण मामंजींनी घरात जाहीर करून ठेवलं होतं की ज्या रविवारी गाडी न उकळता हा चढ चढेल, त्याच्या पुढच्याच रविवारी ते सासूबाईंना घेऊन कायमचे नागपूरला निघतील.

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली तेव्हा कपाटं, फायली, टाइपरायटर आणि कारकून असं सगळंच भोपाळला हललं. हे, म्हणजे माझे यजमान नरहर, त्या कारकुनांतले एक. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशच्या वाट्याला आलो. टी. टी. नगरातल्या आमच्या ओळीत जवळजवळ सगळी नागपूरकडची मराठी घरं होती, आणि प्रत्येक घरात एखादी तरी ट्रंक दोरी न सोडता ठेवलेली. आज ना उद्या परत बोलावतील, असं सगळे एकमेकांना सांगत. भिंतीत खिळा ठोकायचा तरी लोक दहादा विचार करत. आमच्याकडे तर तांब्याचा बंब गोणपाटात शिवून आणला होता तो तसाच न्हाणीघरात उभा होता. मामंजी तो उघडूच देत नव्हते.

"पुन्हा शिवत कोण बसणार?" ते म्हणायचे. त्यामुळे सगळा हिवाळा मी अंघोळीचं पाणी पातेल्यात तापवलं, स्टोव्हला पंप मारून मारून माझे खांदे भरून यायचे.

मामंजी, नीळकंठराव, नागपूरला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फोरमन होते. इंजिनं हाताखालून गेलेला माणूस. निवृत्त झाले आणि लगेच पोराची बदली, म्हणून इथे आले. सरळ आगगाडीत बसून परत जा म्हटलं तर त्यांना अपमान वाटे. "इथं आलो तो पोराच्या सामानाबरोबर आलो. जाईन तो माझ्या गाडीनं, माझ्या हातानं," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. म्हणून त्यांनी एका नवाबी घराण्याच्या मोटारखान्यातली जुनी विलायती गाडी विकत घेतली. विकणाऱ्या मुनीमजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "खाँ, गाड़ी में ऐब कोई नहीं, बस मिज़ाज की ज़रा गरम है." मामंजींना तो विनोद वाटला.

हळदीची सुरुवातही त्यांनीच केली. रेडिएटरला बारीकशी गळती होती. त्यांनी सासूबाईंकडून चिमूटभर हळद मागून घेतली आणि रेडिएटरच्या पाण्यात टाकली. ड्रायव्हर लोकांचा हा जुना उपाय, हळद फुगून भोकात बसते. गळती थांबली. सासूबाई पदराला हात पुसत बघत होत्या, तेव्हा मामंजी खुशीत येऊन त्यांना समजावू लागले.

"चिमूटभरच घालायची असते. जास्त झाली की आतल्या नळ्याच बुजतात. मग पाणी फिरत नाही आणि गाडी उकळते."

बायकोला यंत्रातलं काही समजावून सांगण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी.

त्यानंतर घरातली हळद भराभर संपायला लागली. मला आधी वाटलं, मीच सांडत असेन. मग एका शनिवारी दुपारी मामंजी झोपले होते आणि मी वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात गेले, तर सासूबाई पाटावर चढून गाडीशी उभ्या. बॉनेट उघडं, रेडिएटरचं झाकण बाजूला, हातात हळदीचा डबा आणि चमचा. शांतपणे घालत होत्या, भाजीत घालावी तशी. मला बघून त्या दचकल्यासुद्धा नाहीत.

"आई, हे काय करताय?"

"दिसतंय ना तुला." त्यांनी झाकण घट्ट बसवलं. "आत चल. चहा टाकते."

स्वयंपाकघरात त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बोलायला लागल्या. धंतोलीतल्या एकत्र घरात त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून थोरल्या जाऊबाईंच्या, लीलावतीबाईंच्या, हाताखाली होत्या. "आमटीत मीठ घालायचं तरी त्यांना विचारून. भाजी त्या निवडणार, मी चिरणार. नरहर झाला तेव्हा त्याचं नावसुद्धा त्यांनीच ठेवलं. इथं येऊन पहिल्यांदा मी उठले आणि मनात म्हटलं, आज काय करावं बरं? आणि मग जे आलं ते केलं. संध्याकाळी तलावावर जाऊन बसते, तर कुठे चाललीस म्हणून कोणी विचारत नाही. मला परत नाही जायचं, सिंधू."

"मग मामंजींना सांगा की तसं."

"त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आता एवढ्या वर्षांनी एकदम सुरुवात कुठून करू?"

खरं सांगते, तोपर्यंत मी स्वतःच त्या रविवारची वाट बघत होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात चार माणसं, अंगणात ग्रीस आणि घरात मामंजींचा आवाज. ते दोघं गेले असते तर मला मोकळा श्वास घेता आला असता. पण त्या चहाच्या कपाने माझी पंचाईत केली. मामंजींना मी काही सांगितलं नाही, आणि त्यांनी पाना उचलला की हातातलं काम टाकून दारात येऊन बघायला लागले.

कारण मामंजी काही हार मानणारे नव्हते. पहिल्यांदा त्यांनी पंख्याचा पट्टा तपासला. अंगठ्याने दाबून पाहिला, सैल वाटला म्हणून घट्ट केला. रविवारी गाडी उकळली. मग रबरी नळ्या काढून त्यात डोळा लावून आरपार पाहिलं. नळ्या साफ होत्या. मग त्यांनी थर्मोस्टॅट काढला. इंजिन तापलं की ही एवढीशी झडप उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे वाट देते. तो चालतो की नाही हे बघायला त्यांनी दुधाचं पातेलं घेतलं, त्यात पाणी घातलं, थर्मोस्टॅट सुतळीला बांधून आत सोडला आणि स्टोव्ह पेटवला. आम्ही सगळे भोवती उभे. पाणी उकळायच्या बेतात आलं आणि झडप हळूच उघडली.

"हा चांगला आहे," मामंजी म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा उतरला. मग घाईघाईने म्हणाल्या, "ते पातेलं आता दुधाला नाही हं वापरायचं."

पुढच्या आठवड्यात पाण्याचा पंप खोलला. त्यातही खोट नाही. एकेक वस्तू निर्दोष ठरत होती आणि मामंजी एकेक पाऊल रेडिएटरकडे सरकत होते. रोज संध्याकाळी ते येरझाऱ्या घालत, मध्येच थांबून बॉनेट उघडत आणि अंधारात आत बघत उभे राहत. जेवताना ताटात बोटाने नळ्यांचं चित्र काढत. "या गावच्या पाण्यातच खोट आहे," म्हणत त्यांनी एक दिवस तलावालाही दोष देऊन पाहिला. सासूबाई तिकडे भांडी जोरजोरात घासत. आणि हे? हे कचेरीतून आले की मान खाली घालून वर्तमानपत्र वाचत. मी यांना सगळं सांगितलं, तेव्हा यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." या माणसाला सरकारने उगाच नोकरीत ठेवलं नव्हतं.

शेवटी मामंजींनी रेडिएटर काढला. अंगणात विटांवर उभा केला, नळाला रबरी नळी जोडली आणि ती खालच्या तोंडात खुपसली, म्हणजे पाणी उलट्या दिशेने जाऊन आतला गाळ वर ढकलेल. थोडा वेळ काहीच आलं नाही. नळी थरथरत राहिली. मग भसकन पिवळा चिखल बाहेर पडला आणि मामंजींच्या पायांवर, फरशीवर, तुळशीच्या कुंडीपर्यंत पसरला. येतच राहिला.

मामंजींनी नळ बंद केला. वाकून चिमूटभर गाळ उचलला, बोटांत चोळला, हुंगला.

"एवढी मी टाकली नव्हती," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "सिंधू?"

मी हो म्हणणार होते. खरंच, शब्द तोंडात आला होता. पण सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, ओले हात तसेच.

"तिला काय विचारता? मी टाकली."

"तू? कशाला?"

"गाडी चालू नये म्हणून."

मामंजींचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. "मी इथं उन्हातान्हात मरतोय, आणि तू माझी गाडी मारतेस?"

"गाडीला काय होतंय? धुतली की होईल चांगली." सासूबाई ओले हात पदराला पुसत बोलतच राहिल्या. "मला नागपूरला जायचं नाही. तुम्हाला जायचं तर जा. मी जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात आता पाय ठेवणार नाही. मला इथं बरं वाटतं."

मामंजींनी विटांवरच्या रेडिएटरकडे पाहिलं. हातातल्या नळीतून थेंब थेंब पाणी त्यांच्या पिवळ्या पायांवर पडत होतं. त्यांनी विचारलं, "मग आता हा परत बसवू की नको?"

"बसवा की. एवढी मेहनत घेतलीत. पण त्यात मी बसणार नाही."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मामंजींनी रेडिएटरमध्ये धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी भरून ठेवलं, ओतलं, पुन्हा भरलं, स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच चाललं. जुनी गळती उघडी पडली ती कथलाचा डाग देऊन बुजवली. रविवारी गाडी श्यामला हिल्सचा चढ चढली आणि उतरून आली. पाण्याची उष्णता दाखवणारा काटा मधल्या खुणेवरून हलला नव्हता. मामंजींनी ते यांना सांगितलं, यांनी मला, मी सासूबाईंना.

पुढच्या रविवारी पहाटे मामंजींनी आपली ट्रंक मागच्या सीटवर ठेवली. सासूबाईंनी दशम्या आणि लसणीची चटणी बांधून दिली, आणि पाण्याने भरलेला एक पत्र्याचा डबा आणून गाडीत ठेवला.

"वाटेत लागलं तर," त्या गाडीकडे बघून म्हणाल्या.

"लागणार नाही," मामंजीही गाडीलाच म्हणाले. पण डबा त्यांनी काढून ठेवला नाही. ते निघून गेले.

तो दिवस मला अजून आठवतो. अंगण मोकळं, आवाज नाही, ग्रीसच्या चिंध्या नाहीत, मला हवं होतं ते सगळं. आणि घरात बसवेना. हे उगाच दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. सासूबाईंनी चहा केला तो चौघांचा. चौथा कप ओट्यावरच राहिला आणि त्याच्यावर साय धरली. मग त्या पायरीवर जाऊन बसल्या. तलावावर जाऊया का म्हटलं तर नको म्हणाल्या.

"मला इथं राहायचं होतं गं," त्या म्हणाल्या. "ते जावेत असं नव्हतं." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी त्यांच्याशेजारी बसले. मलाही रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

ऊन उतरल्यावर गाडीचा आवाज आला. आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो. गाडी फाटकातून आत आली, वाफ नाही, शिटी नाही, नुसती धूळ. मामंजी उतरले. सासूबाईंनी आधी बॉनेटकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे.

"उकळली?"

"छे. मंडीदीप गेलं, ओबेदुल्लागंज गेलं, पुढचा घाट चढलो. काटा हलला नाही." त्यांच्या आवाजात अभिमान होता, तो लपत नव्हता. "वर झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या."

"मग?"

मामंजींनी गाडीतून पाण्याचा डबा काढला. तो तसाच भरलेला होता.

"मग काय. हा लागलाच नाही. म्हटलं, घरातला डबा आहे, परत नेऊन द्यावा."

सासूबाईंनी डबा घेतला. मामंजींनी हत्यारांच्या पेटीतून चाकू काढला आणि चपला न काढताच न्हाणीघरात गेले. आतून गोणपाट फाटल्याचा आवाज आला. आम्ही दारात जाऊन पाहिलं, तर ते खाली बसून एकेक टाका कापत होते. बंब बाहेर आला, काळा पडलेला, कडांना हिरवट डाग धरलेला. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"घासायला पाहिजे हा चांगला," ते मागे न बघता म्हणाले. "चिंच आहे का घरात?"

"चिंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "हळदच तेवढी संपलीय."